ड्रेस्डेनमध्ये किती वाजले

११ जानेवारी १९३९, वाशीम

आज जेवणं झाल्यावर मामंजींनी मला ओसरीवर बोलावलं आणि म्हणाले, "पंचफुले, तू जर्मनीले जाय. त्याले घेऊन ये."

मला वाटलं, चेष्टा करतात. पण माझे सासरे पुंजाजी पाटील सुनेची चेष्टा करणाऱ्यांतले नाहीत. ते अडकित्त्याने सुपारी कातरत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

माझ्या यजमानांचं नाव जगदेवराव. एकदाच लिहिते, पुढे 'हे' म्हणेन. सरकीच्या तेलाचं रसायनशास्त्र शिकायला हे ड्रेस्डेन नावाच्या शहरी गेले त्याला पाच वर्षं होतील. शिक्षण दोन वर्षांचं होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आजारी पडल्यापासून चार तारा केल्या. चारींचं उत्तर एकच : परीक्षा आहे. आत्याबाईंना मोतीबिंदूने दिसत नाही, आता पायांना सूज आणि धाप. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी मामंजींना बाजूला घेऊन सांगितलं की दिवाळी दिसली तर नशीब.

मी म्हटलं, "मामंजी, तुम्हीच गेलात तर?"

"मी गेलो तर तो माह्ये पाय धरीन. बाबा, पुढच्या साली नक्की, म्हनीन. अन् मी वापस येईन. मले माह्या लेकाले नाही म्हनता येत नाही. तुले येईन."

मला येईल का? आठ महिन्यांचा आमचा संसार. मी त्यांना कशालाही नाही म्हटलेलं आठवत नाही.

ही वही कारंज्याच्या आबांनी, माझ्या वडिलांनी, लग्नात दिली होती. आज पहिल्यांदा उघडली, कारण बोलायला कोणी नाही. जाण्याची भीती वाटते. न जाण्याची त्याहून जास्त वाटते. मी चोवीस वर्षांची आहे. बाया मला सवाष्ण म्हणून ओटी भरायला बोलावतात आणि ओटी भरताना माझ्या तोंडाकडे बघत नाहीत.

१९ जानेवारी

डॉक्टरीणबाई मूळ जर्मनीच्याच. एल्झा रोझेनथाल. पाच वर्षांपूर्वी एकट्या इथे आल्या. का आल्या ते कोणाला नीट माहीत नाही. तिकडे यहुदी म्हणून नोकरीवरून काढलं, एवढं कानावर आहे. मराठी त्या रोग्यांकडून शिकल्या, त्यामुळे पक्की वऱ्हाडी बोलतात. गोरी बाई तोंड उघडून "काहून वं, पोटात दुखून राह्यलं का?" म्हणाली की नवा माणूस दचकतो.

दर बुधवारी चारला, रोगी संपले की मला शिकवायचं कबूल केलं. मी म्हटलं, आधी काय शिकू? नमस्कार, पाणी, भाकर?

"पह्यले घड्याळ," त्या म्हणाल्या. "भूक लागली तर कोनी बी देईन. गाडी सुटली तर कोनी वापस आनत नाही."

मुंबईच्या एजंटाने प्रवासाचा कागद पाठवला आहे. बोटीने इटलीतलं जिनोव्हा बंदर, तिथून ड्रेस्डेनपर्यंत रेल्वे, तीन ठिकाणी गाडी बदलायची. मी जन्मात वाशीम ते अकोला एवढीच आगगाडी एकटीने पाहिलेली.

गोळ्यांच्या डब्याच्या झाकणावर त्यांनी बारा आकडे काढले, दोन काड्यांचे काटे केले. तिकडे वेळ विचारताना "व्ही श्पेट इस्ट एस?" म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ विचारला तर म्हणाल्या, "किती उशीर झाला?"

घरी येईपर्यंत मी ते एकच वाक्य म्हणत आले.

२ फेब्रुवारी

रेल्वेचं घड्याळ चोवीस तासांचं. दुपारचे दोन सत्तेचाळीस म्हणजे चौदा सत्तेचाळीस. आकडा उलटा बोलतात, सात-आणि-चाळीस. पण मग सत्तेचाळीस तरी काय आहे? सात आधी, चाळीस मागून. हे कळल्यावर इतकं हसू आलं की डॉक्टरीणबाईही हसल्या. आबफार्ट म्हणजे सुटणं, आनकुन्फ्ट म्हणजे पोचणं. कागदावरच्या सगळ्या गाड्या आज मी न अडखळता वाचल्या.

आत्याबाईंना रात्री उशीला टेकवून बसवावं लागतं, आडवं झालं की श्वास कोंडतो.

२६ फेब्रुवारी

ह्यांना जर्मनमधून पत्र लिहिलं. अकरा ओळी. मी येते आहे, जर्मन शिकते आहे, तुमचा दिवस कसा जातो ते वेळेसकट लिहा, म्हणजे माझा सरावही होईल आणि आईंना सांगताही येईल. डॉक्टरीणबाईंनी तीन चुका काढल्या. टपालपेटीत स्वतः जाऊन टाकलं. आता त्यांना कळेल की मी तीच लग्नातली मुलगी राहिलेली नाही.

९ एप्रिल

पत्र आलं! आणि पूर्ण जर्मनमध्ये. म्हणजे त्यांनी मला बरोबरीची मानलं.

दुपारभर बसून एकेक शब्द लावला. पहिल्याच ओळीत, या वर्षी येऊ नकोस, दिवस चांगले नाहीत, शरद ऋतूत पाहू, असं आहे. ते काळजीपोटी. पुढे मी मागितलं तसं दिवसाचं वेळापत्रक :

सहाला मी उठतो. हाल्ब झीबेनला आम्ही कॉफी पितो. हाल्ब नॉइनला मी छोट्या लीझेलला बालशाळेत नेतो. नऊ ते एक प्रयोगशाळा. संध्याकाळी सातला आम्ही जेवतो. आठला लीझेल झोपते. रविवारी आम्ही नदीकाठी जातो.

'हाल्ब' अजून शिकलेले नाही, पण हाल्ब म्हणजे अर्धा आणि नॉइन म्हणजे नऊ, तेव्हा साडेनऊ. घरमालकीण फ्राऊ हान्ना, तिचा उल्लेख मागे एकदा आला होता. तिचीच ही मुलगी असणार. परक्या बाईचं लेकरू रोज शाळेत पोचवतात, असा हा माणूस, आणि लोक म्हणतात तो आईला विसरला.

त्यांच्या-आपल्या घड्याळात साडेचार तासांचं अंतर आहे. मी आत्याबाईंना सांगितलं, रोज आपल्याकडे दोन वाजले की तिकडे ते मुलीला घेऊन निघतात.

आत्याबाई उशीवरून सरकून माझ्याकडे वळल्या. मग विचारलं, "केवढी हाय पोट्टी?"

"ते नाही लिहिलं."

"विचार त्याले," त्या म्हणाल्या.

१२ एप्रिल

डॉक्टरीणबाईंना पत्र दाखवलं. मी आपली उत्साहाने भाषांतर म्हणून दाखवत होते. त्यांनी ते हातात घेऊन स्वतः वाचलं, परत पहिल्यापासून वाचलं. मग उठून हात धुतले. रोगी एकही नव्हता.

"इथं 'व्हीअर' लिवलं हाय," त्या म्हणाल्या. "व्हीअर म्हंजी काय?"

"आम्ही."

"आमी म्हंजी कोन?"

"घरात राहणारे सगळे," मी म्हटलं. त्यांनी पत्र घडी घालून परत दिलं आणि डोकं दुखतं म्हणून धडा बंद केला. त्यांची म्हातारी आई तिकडेच आहे, तिची पत्रं येतात तेव्हाही त्यांचं असंच होतं.

१७ मे

ऊन असं की दुपारी पाखरू दिसत नाही. ओला पंचा आत्याबाईंच्या छातीवर टाकून पंख्याने वारा घालते. दोन वाजले की त्या विचारतात, "निघाला का तो?" मी सांगते, निघाले. "पोट्टी चालते का कडेवर हाय?" चालते, बोट धरून. हे माझ्या मनाचं सांगते. आणखी विचारतात, पायात काय घातलंय, थंडी असन का तिकडं, डबा देते का माय तिची. आपल्या लेकाने काय खाल्लं हे त्या कधीच विचारत नाहीत. आजाराने मन भरकटतं, दुसरं काय.

पासपोर्टाच्या कागदांना नागपुराहून उत्तर नाही. रोज टपालवाल्याची वाट बघते. मामंजी तिसऱ्यांदा नागपूरला जाऊन आले.

७ जून

आज मोठी चूक उघडकीस आली. डॉक्टरीणबाईंनी बोलण्यातलं घड्याळ शिकवलं. हाल्ब नॉइन म्हणजे साडेनऊ नव्हेच, साडेआठ! "नऊ वाजलेच नाही अजून," त्या झाकणावरचा काटा फिरवून म्हणाल्या. "आठ संपले, नववा तास चालू, तो अर्धा झाला. जर्मन मानूस पुढच्या तासाकडे पाह्यते. तुमी मांगच्या."

म्हणजे दोन महिने मी आत्याबाईंना एक तास उशिराचं सांगत आले. आम्ही दोघी दोनला डोळे मिटून त्यांना रस्त्यावर चालताना बघायचो आणि ते केव्हाच प्रयोगशाळेत पोचलेले. मला रडू आलं. डॉक्टरीणबाई घाबरल्या, म्हणाल्या, एका तासाचं एवढं काय? माझ्याजवळ त्यांचं म्हणून तेवढंच होतं.

२४ जून

आबांना कारंज्याला लिहिलं होतं की जर्मनांची ही उलटी रीत डोक्यात बसत नाही. त्यांचं उत्तर आलं. आबा, रंगराव मास्तर, संस्कृताचे नादी. लिहितात : "उलटी कशी? आपला 'अडीच' हा 'अर्धतृतीय', म्हणजे तिसरा अर्धा. औट हात म्हणतो तो 'औट' म्हणजे 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धा, साडेतीन. लहानपणी तू अडीचकी-औटकी घोकलीस ती हीच रीत. त्यांनी सगळ्या तासांना ठेवली, आपण दोन-तीनच ठिकाणी जपली."

आता चुकणार नाही. आत्याबाईंना नवी वेळ सांगितली, दुपारी एक. त्या म्हणाल्या, "म्हंजी लवकर उठाव लागत असन बिचारीले."

२१ जुलै

दुसरं पत्र. चारच ओळी. लीझेल तीन वर्षांची झाली. तिचे केस काळे आहेत, डोळेही काळे. ती आगगाडी पाहिली की हात हलवते. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

मला आजवर वाटायचं की जर्मनीत सगळ्यांचे केस पिवळे. डॉक्टरीणबाईंचे तरी कुठे पिवळे आहेत?

आत्याबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला. मी विचारलं, दुखतं का कुठे? "नाही वं माय. पुन्हा एकदा वाच. केसावालं."

सूज आता पोटापर्यंत चढली आहे.

१८ ऑगस्ट

पासपोर्ट आला. बोट बारा सप्टेंबरला, मुंबईहून. मामंजींनी तिकीट देवापुढे ठेवलं.

परवा बुधवारी फार वाईट झालं, ते लिहायला आज धीर आला. मी डॉक्टरीणबाईंना तिकीट दाखवायला गेले. त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"जाऊ नको, पंचफुला. तिथं लढाई लागनार हाय. माह्या आईले मी तिकडून काढून राह्यली, अन् तू आत जाऊन राह्यली!"

"लढाईच्या आधी मी त्यांना घेऊन परत येईन."

"तो येनार नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

त्या काही म्हणणार होत्या, थांबल्या. "तू त्याचे पत्र चांगले वाच," एवढंच म्हणाल्या.

माझ्या तोंडून निघून गेलं, "तुम्हाला नवरा नाही, लेकरू नाही. माझा संसार उभा राहिलेला तुम्हाला बघवत नाही."

त्यांनी हात सोडले. चेहरा रोग्यासमोर असतो तसा कोरा केला. "पुढच्या बुधवारी येजो," म्हणाल्या, "व्हॉन-बिस राह्यलं हाय. कधीपासून कधीपर्यंत."

मी जाणार नाही. मला येतं तेवढं पुरे आहे.

३१ ऑगस्ट

दोन बुधवार गेले. ट्रंक भरली. लोकरीचं कापड मागवलं होतं ते आलं. आत्याबाईंनी चाचपडत एक गाठोडं दिलं, उघडू नको म्हणाल्या, तिथं गेल्यावर उघड. लहान, मऊ आहे.

गावात लढाईच्या गप्पा. बाजारात कोणी म्हणतं लागली, कोणी म्हणतं मिटली. मी कानांवर हात ठेवते. बारा तारीख, फक्त बारा तारीख.

४ सप्टेंबर

लागली.

मामंजी तारघरातून आले आणि त्यांनी देवापुढचं तिकीट उचलून माझ्या हातात दिलं. बोट जाणार नाही. जर्मनीचं टपालही बंद. मी विचारलं, कधीपर्यंत? ते म्हणाले, "सरकारले तरी कुठं माहीत हाय?"

बोटीला आठच दिवस उरले होते. फक्त एक महिना आधी निघाले असते तर! नागपूरच्या कोणा साहेबाच्या टेबलावर माझा कागद पाच महिने पडून होता. मी भिंतीवर डोकं आपटलं. खोटं नाही लिहीत, खरंच आपटलं. आत्याबाई आतून ओरडल्या तेव्हा थांबले.

५ सप्टेंबर

आजचं कसं लिहू?

दुपारी दवाखान्यातली दाई, चतुराबाई, चिठ्ठी घेऊन आली. दोनच ओळी, जर्मनमध्ये, म्हणजे दुसऱ्या कोणाला वाचता येऊ नये : "कृपा करून ये. बिस हाल्ब झीबेन मी इथे आहे."

चतुराबाई म्हणाली, सकाळी फौजदार आला होता. डॉक्टरीणबाईंचा पासपोर्ट जर्मन, त्यामुळे सरकारच्या लेखी त्या शत्रू. आजच घेऊन जाणार.

मी म्हटलं, येते, नक्की येते. आत्याबाईंची भाकर व्हायची होती, त्यांना दूध पाजायचं होतं. मनात बसलं होतं, झीबेन सात, साडेसातपर्यंत वेळ आहे. चालत जाताना शब्द जुळवत होते. माफी कशी मागायची, त्या दिवशीचं बोलणं कसं पुसायचं. दवाखान्याच्या फाटकाशी पोचले तेव्हा शेजारच्या दुकानात घड्याळ पावणेसात दाखवत होतं. मला वाटलं, बरं झालं, लवकरच आले.

दाराला कुलूप, कुलपावर लाखेचा शिक्का. पायरीवर चतुराबाई.

"गेली माय. साडेसहाले बरोब्बर आला फौजदार."

तेव्हा कळलं. हाल्ब झीबेन. सातवा अर्धा. आबांनी औटकी समजावून सांगितली, मी वहीत लिहून ठेवली, आणि जेव्हा खरी गरज होती तेव्हाच माझं डोकं आपल्या जुन्या वाटेने गेलं.

"तुहीच वाट पाहून राह्यली होती," चतुराबाई म्हणाली. "एक डोया फाटकाकडं, एक घड्याळाकडं. मले म्हने, पंचफुलेले सांगजो, ती पोट्टी... अन् मंग थांबली. म्हने, नको. तिनं सोताच वाचावं. तिले वाचता येते."

मी स्टेशनाकडे धावले. पदर, वहाणा, कशाची शुद्ध नव्हती. गाडी गेलेली.

६ सप्टेंबर

दोन्ही पत्रं सकाळी उजेडात घेऊन बसले. चुकीचं वाचायला आता कारण उरलं नव्हतं.

आम्ही कॉफी पितो. आम्ही जेवतो. रविवारी आम्ही. मी लीझेलला नेतो. काळे केस, काळे डोळे. तीन वर्षं.

त्यांनी माझ्यापासून लपवलं नव्हतं. मराठीत लिहायला हात धजावला नसेल म्हणून जर्मनमध्ये लिहिलं, तास-मिनिटांसकट. मीच ते वेळ सांगण्याचा धडा म्हणून पाठ केलं. आधी कुठे दिसलं नव्हतं का मला? दिसलं असणार. ही वही मागे जाऊन वाचली तर माझंच अक्षर मला वेड्या बाईचं वाटतं.

आत्याबाईंच्या उशाशी जाऊन बसले. त्या म्हणाल्या, "आज एक वाजले तरी सांगितलं नाही तुनं."

"आत्याबाई, ती मुलगी त्यांचीच आहे."

"व्हय."

"तुम्हाला कधीपासून माहीत?"

"पह्यल्याच दिशी. बाप्या मानूस दुसऱ्याच्या लेकराले रोज उठून शाळेत नेत नसते, पंचफुले."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले. "मग सांगितलं काहून नाही? मी मूर्खासारखी घड्याळ घोकत राहिले, ट्रंक भरली, लोकरीचे कपडे शिवले! तुम्ही मला तिथे पाठवणार होता, तिच्या दारात उभी करणार होता?"

त्या धाप आवरत बोलल्या. "तू गेली असती तर त्याले आनलंच असतं, असं वाटे मले. तुह्यासाठी. अन् खरं सांगू?" त्यांनी माझा हात शोधला. मी दिला नाही. "मले रोज दुपारी नातीची खबर भेटून राह्यली होती. दुसरं कोन सांगनार होतं मले?"

मी उठून मळ्यात गेले. वांग्यांच्या सऱ्यांमध्ये तोंडात पदर कोंबून रडले. किती वेळ ते माहीत नाही. परत आले तर त्या तशाच बसलेल्या, हात पुढे ठेवून. मग दिला.

गाठोडं उघडलं. आत झबलं होतं आणि कुंची. आंधळ्या बाईने शिवलेली, टाके वेडेवाकडे.

२२ सप्टेंबर

मामंजींना मीच सांगितलं. ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, त्याच्या नावाने आंघोळ करतो, तो मले मेला. आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या, "करा. पन त्या पोट्टीच्या नावानं नका करू." मामंजींनी कोणाच्याच नावाने केली नाही.

मी काय आहे आता या घरात? सून म्हणावी तर नवरा परक्या घरी, विधवा म्हणावी तर कुंकू आहे. कुंकू लावताना बोट अडखळतं. लावते. बाहेर लोकांना अजून माहीत नाही. बाया मला म्हणतात, लढाई संपली की येतील हो. मी मान डोलावते. विहिरीकडे गेले की वाकून बघायची सवय लागली आहे, ती मोडली पाहिजे.

१९ नोव्हेंबर

आत्याबाई गुरुवारी, सोळा तारखेला गेल्या. दिवाळी त्यांनी पाहिली, म्हणजे माझ्या तोंडून ऐकली.

शेवटचे आठ दिवस मी परत त्यांना दुपारी एकला सांगत होते. लढाईत तिकडे बालशाळा चालू आहेत की बंद, मला काय माहीत? तरी सांगत होते. आज तिने लाल टोपी घातली. आज बर्फ पडलं. आज तिने हट्ट केला, तेव्हा त्यांनी खांद्यावर घेतलं. माझ्या जिवाला प्रत्येक शब्द चिरत होता आणि तरी मी सांगत होते, कारण त्या वेळी त्यांची धाप कमी व्हायची.

बुधवारी त्यांनी मामंजींना जवळ बोलावलं. "इले शाळेत शिकवाले जाऊ द्या. मुलींच्या शाळेत बाई पाह्यजे म्हनून राह्यले होते ना? घरात बसून ही मरीन." मामंजी म्हणाले, पाटलाची सून नोकरी करीन? आत्याबाई म्हणाल्या, "पाटलाच्या लेकानं काय केलं ते कोनी विचारलं का?"

मामंजी उठून बाहेर गेले. पण नाही म्हणाले नाहीत.

८ ऑगस्ट १९४०

इतक्या महिन्यांनी वही उघडते आहे. शाळेत तिसरी-चौथीच्या एकोणतीस मुली माझ्याकडे आहेत. दिवसा बरं असतं.

जूनमध्ये डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं. त्यांना सोडलं आहे, पण वाशीमला यायची परवानगी नाही. पुण्याकडे एका दवाखान्यात काम करतात. मी उलट टपाली, त्या दिवशी उशिरा का पोचले ते लिहिलं, माफी मागितली. त्यांनी उत्तर दिलं : "मी चुकले. तुझ्या घड्याळाने लिहायला पाहिजे होतं." त्यांच्या आईचा वर्षभरात एक शब्द नाही. रेडक्रॉसमार्फत शत्रूच्या मुलखात पंचवीस शब्दांचा निरोप जातो, त्यांनी तीन पाठवले. तुलाही पाठवायचा असेल तर अकोल्याला कागद मिळेल, असं त्यांनी लिहिलं.

आज अकोल्याला एकटी जाऊन आले. काउंटरवर म्हातारे बाबू होते. निरोप मी घरून लिहून नेला होता, जर्मनमध्ये. त्याचं मराठी असं :

आई सोळा नोव्हेंबरला गेल्या. त्यांना लीझेल माहीत होती. तिला आजीचं नाव सांगा, मनकर्णा. मी शिकवते. मी येणार नाही.

बाबूंनी बोटाने शब्द मोजले. "अजून पाच-सहा मावतात, बाई. पैसे तेवढेच पडतात."

"नकोत," मी म्हटलं.

"उत्तर यायला सहा महिने लागतील. वर्ष बी लागते. मागच्या बाजूला जागा हाय, तिथंच ते लिहितात."

"उत्तर नकोय मला."

गाडीत बसले. पावसाने शेतं हिरवीगार झालेली, खिडकीबाहेर बाया निंदण करत होत्या. डब्यात एका बाईच्या मांडीवर तीन-चार वर्षांची मुलगी होती. सगळ्या वाटेत ती माझ्या बांगड्या मोजत बसली, चारच्या पुढे तिला येत नव्हतं.

बाबूंना मी खोटं सांगितलं. मला उत्तर हवं आहे. ह्यांनी माफी मागू नये, मला बोलावू नये, काही समजावूनही सांगू नये. वर्तमानपत्रात रोज शहरांवर बॉम्ब पडल्याचं येतं, गावांची नावं वाचताना माझं बोट ड अक्षरावर थांबतं. त्या कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी एवढंच लिहावं की पोरगी बरी आहे.